सुभेदारांच्या मुलाचा डावा कान

"मॅडम, कान निस्ता सुकवून द्या. ऑपरेशनचं भरतीनंतर बघू."

खुर्चीत बसला होता एकोणीस वर्षांचा प्रमोद. बोलत होते त्याचे वडील, पलूसकडचे रिटायर्ड सुभेदार. घरचा ऊस, दोन चुलते फौजेत, पोरगं ॲकॅडमीत भरतीची तयारी करतंय. मी सांगलीत कान-नाक-घशाची डॉक्टर. भरती जवळ आली की असे वडील माझ्याकडे येतातच. पण या मुलाच्या कानाचा वास मला टेबलापलीकडून येत होता.

मायक्रोस्कोपखाली पाहिलं. डाव्या पडद्याला वरच्या कडेला भोक, आणि त्यातून आत शिरलेली पांढरी कातडी. याला आम्ही अनसेफ कान म्हणतो. भोक पडद्याच्या मधोमध असेल तर कान वाहतो, पण सहसा जिवावर बेतत नाही. हा दुसरा प्रकार मात्र आतलं हाड खात जातो, आणि त्या हाडाच्या वर मेंदू असतो. थेंब घालून कान सुकला असता, पण हाड खाणं थांबलं नसतं.

"कधीपासून वाहतोय?" मी प्रमोदला विचारलं.

"ल्हानपणी हिरीत पवताना पाणी गेलं," सुभेदार म्हणाले.

मी पुन्हा प्रमोदलाच विचारलं. तो वडिलांच्या तोंडाकडे बघत राहिला.

मग मी ऑडिओमेट्री सांगितली. ऐकू किती येतं ते मोजायची तपासणी. त्या बंद खोलीत नातेवाइकांना सोडत नाहीत. हेडफोन लावायला मीच आत गेले. माझा हात कानाजवळ येताच पोरानं झटकन मान मागं घेतली.

"कुणी मारलं?"

"आण्णांनी," तो म्हणाला. आण्णा म्हणजे बाहेर बसलेले वडील. "तिसरीत. पाडा चुकला हुता. कानात शिट्टी वाजाय लागली, रगत आलं. आय म्हणाली दवाखान्यात न्यूया. आण्णा म्हणालं, डाक्टर इचारल कशानं झालं. मग आय गरम तेल घालायची."

"नंतर?"

"नंतर बी मारायचंच की. त्यांचा उजवा हात, म्हंजे ह्योच कान."

मग आपली चूक सांगावी तसं म्हणाला, "मॅडम, मागनं कोण आलं तर छातीत लय धडधडतंय. रात्री झोपबी येत न्हाई. आण्णा म्हणत्यात, नाटकं हायती."

नाटकं नव्हेत. मार खात वाढलेलं शरीर मोठेपणीही पहाऱ्यावर उभं राहतं. झोप जाते, पोट बिघडतं, पुढे बीपी मागे लागू शकतं. पण माझं डोकं फिरलं ते कानामुळं. फाटलेला पडदा कोरडा ठेवला, वेळेवर दाखवला, तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपला आपण भरतो. याला दाखवलं नाही, कारण डॉक्टरनं विचारलं असतं! आपल्याकडे 'कानाखाली जाळ काढीन' म्हणतात आणि सगळे हसतात. मला आता हसू येत नाही.

केबिनमध्ये परत आल्यावर मी सरळ सांगितलं, "सुभेदार, हे पाण्यानं झालेलं नाही. मारल्यानं झालंय."

"मारलं म्हणून तर सरळ ऱ्हायला. माझ्या बापानं मला काय कमी मारलं?"

"हा कान घेऊन त्याला फौजेत कुणी घेणार नाही. ऑपरेशन झाल्यावरही बहुधा नाही. भरतीचं विसरा. मेंदूत पू जाऊ नये एवढंच आता आपल्या हातात आहे."

ते ताडकन उठले आणि पोराकडे वळले. "पवताना झालं म्हणून सांग म्हणलं हुतं ना रं?" हात वर गेला. प्रमोदनं तोंड झाकलं नाही. कान झाकला.

"हात खाली!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरचे पेशंट गप्प झाले. हात खाली आला. हुकूम पाळायची सवय असावी.

त्यांना बाहेर बसवून मी प्रमोदला ऑपरेशनमधले धोके समजावले. तू सज्ञान आहेस, तुझी सही पुरते, असंही सांगितलं. त्यानं एकच गोष्ट विचारली.

"भूल दिल्यावर आण्णांना आत सोडत न्हाईत न्हवं?"

"नाही."

"मग करा."

ऑपरेशन झालं. आतल्या नाजूक हाडांची साखळी आधीच खाऊन संपली होती. कान कोरडा झाला, धोका टळला, ऐकू मात्र फारसं येत नाही. फौज गेली ती गेलीच. आता तो कुपवाडला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो, तिथंच खोली घेऊन राहतो, तपासणीला एकटा येतो. झोपेसाठी मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. हल्ली थोडी लागते म्हणाला.

सुभेदारही मध्ये एकदा येऊन गेले. भावकीत दाखवायला 'पाणी गेल्यानं कान बिघडला' असं लिहून हवं होतं. मी दाराकडे बोट दाखवलं.

धडा छोटाच आहे. मुलाला मारू नका, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी तुमच्यातले काहीजण मारणारच. मग निदान कानातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे आणा. लाज वाटली तरी आणा. लाज तुमची आहे, कान त्याचा आहे.