पल्ली मामांच्या पेट्या

पल्ली मामांच्या घरात एसी एकच होता आणि तो पालींना होता. अड्यारच्या त्या दुमजली घरात मामा, मामी आणि त्यांची मुलगी कल्याणी पंख्याखाली घाम पुसत बसायची, आणि मागच्या खोलीतल्या काचेच्या पेट्यांमध्ये पिवळ्या अंगाच्या, काळ्या ठिपक्यांच्या, जाड शेपटीच्या पाली आरामात गारवा खात पडलेल्या असायच्या. चेन्नईत डिसेंबर येतो, थंडी येत नाही. वीण सुरू होण्याआधी या जातीला थोडी थंडी लागते, म्हणून मामा ती विजेच्या बिलावर आणायचे. निवृत्त झाल्यावर लोक भजनाला बसतात, यांनी बिबट्या गेको नावाच्या या पाली पाळल्या. तमिळमध्ये पालीला पल्ली म्हणतात. पुढचं बारसं गल्लीने केलं.

मी त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू. कराडहून आलेली, इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात नोकरी, तमिळ शून्य. घरमालक मराठी आहेत एवढ्यावरच मी खोली न बघता होकार दिला होता. पहिल्या दिवशी मामा दारात येऊन म्हणाले, "बेश आलांत. जेवण झालें कीं?" तंजावरकडचं ते मराठी ऐकून मला हसू आवरेना. मामा जराही रागावले नाहीत. "हांसूं नका अम्मा. आमचें मराठी राजांबरोबर आलें, तसेंच ठेविलें. तुमचें मागून बिघडलें," म्हणाले. महिन्याभरात 'तुमी'चं 'तूं' झालं आणि मी त्यांच्या स्वयंपाकघरात हक्काने डबा उघडून चकलीसारखे मुरुक्कू खाऊ लागले.

नर आणि मादी वेगळे ठेवणं हा मामांचा धर्म होता. दोन नर एका पेटीत ठेवले तर एकमेकांना फाडतात, हे कुणालाही समजेल. पण मामा नर-मादीलासुद्धा वर्षभर एकत्र राहू द्यायचे नाहीत. वीण जवळ आली की मादीला स्वतःची पेटी, लपायला ओलसर डबा, आणि कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे. मामींचा स्वयंपाकाचा वजनकाटा कधीच मागच्या खोलीत गेला होता. मादी अंगाने भरली नाही तर जोडी लावायची नाही, अंडी तिला आतून पोखरून टाकतात, असं मामांचं म्हणणं. दोन पेट्यांच्या मध्ये ते पुठ्ठा लावायचे. मी विचारलं, पुठ्ठा कशाला? तर म्हणाले, "त्याला ती दिसली कीं तो दिवसभर शेंपटी थरथरवितो. मग ती पावम्, बिचारी, खात नाहीं. नजरेचाही त्रास होतो अम्मा."

एकदा टी. नगरहून एक गेकोवाले गृहस्थ आले होते. त्यांच्या आग्रहाखातर मामांनी एका मादीला नराच्या पेटीत सोडलं. नर शेपूट वाजवत पुढे सरकला. मादी कोपऱ्यात गेली, तोंड उघडून उभी राहिली आणि तो मानेपर्यंत आला तशी त्याला चावली. मामांनी लगेच तिला तळहातावर घेऊन बाहेर काढलं. ते गृहस्थ म्हणाले, थोडा वेळ ठेवा, होईल सवय. मामा म्हणाले, "नको म्हणून ती सांगटली. आतां या वर्षीं नाहीं." आणि खरंच त्या वर्षी त्यांनी तिला कुणाच्या पेटीत सोडलं नाही. कराडहून माझी आई तेव्हा दर रविवारी नवा बायोडाटा पाठवत होती, फोटोतल्या मुलाला हो म्हण म्हणून रडत होती. मामांचं ते वाक्य ऐकून मी त्यांच्यावर फिदा झाले. मामी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "मला कोणीं विचारिलें होतें?" असं म्हणून त्या हसल्या. आम्ही सगळे हसलो, मामासुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात कल्याणीचं लग्न झालं. ती लेखापालाची परीक्षा देत होती, मराठीपेक्षा तमिळ तिला सोपं पडायचं, आणि मला ती अक्का म्हणायची. तिने वर्षभर थांबायला सांगितलं होतं. पण तंजावरी मराठी घरं आधीच थोडी, त्यात पत्रिका जुळणारा मुलगा, अंबत्तूरला स्वतःचं घर. मामा म्हणाले, परीक्षा लग्नानंतरही देता येते. मी टी. नगरच्या गर्दीत त्यांच्याबरोबर रेशमी साड्यांच्या पिशव्या वाहिल्या. लग्नात पोटभर जेवलेही.

आडी महिना लागला तसे मामा स्वतः जाऊन तिला घेऊन आले. आपल्याकडे आखाडात नव्या सुनेला माहेरी पाठवतात, तसंच तिकडे आडीत. नवं जोडपं महिनाभर वेगळं राहतं, म्हणजे भर चैत्राच्या उकाड्यात बाळंतपण येत नाही. शेकडो वर्षं तमिळ मुलखात राहून मामांच्या लोकांनी हा रिवाज उचलला होता आणि मामा तो अगदी मनापासून पाळत. कल्याणी आली ती वाळून आली. चेन्नईच्या घामात लांब बाह्यांचे कुडते घालायची. फोन वाजला की दचकायची. एका संध्याकाळी गच्चीवर दोरीवरचे कपडे काढताना तिने बाही वर केली. दंडावर बोटांचे वळ होते. "अक्का, मी नको म्हटलं की तो ऐकत नाही," ती म्हणाली. "परत नको म्हटलं की मारतो."

तिने हे मामींना सांगितलं होतं आणि मामींनी मामांना. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तिच्यासाठी बाजारातून फणस, नारळ, ताजं लोणी येऊ लागलं. पानात तूप वाढताना मामा तिच्याकडे टक लावून बघायचे. तिच्या गालांवर हळूहळू मांस चढलं, ती परीक्षेची पुस्तकं काढून बसू लागली. मला वाटलं, कळलं यांना. ऑफिसात मी छाती पुढे काढून सांगायचे, बाप असावा तर आमच्या मामांसारखा. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आडी संपला, आवणी महिना लागला. अंबत्तूरहून फोन आला आणि मामांनी कपाटावरची बॅग खाली काढली. मी कामावरून येत होते, तर खालच्या खोलीत तिघंही उभे. कल्याणी भिंतीला टेकलेली होती. "अप्पा, मला पाठवूं नका," ती म्हणत होती.

"आडी सरला, कण्णा. आवणींत नांदती पोर माहेरीं कां म्हणून अस्कीं लोक विचारतील."

"तुम्ही पल्लीला विचारता. मला विचारा न."

मामा बॅगेची चेन लावत होते. हात थांबला. मला वाटलं, आता बॅग परत वर जाईल. मग त्यांनी चेन पूर्ण ओढली आणि म्हणाले, "ती पल्ली. तिला सासर नाहीं."

मी मध्ये पडले. म्हटलं, मामा, त्या मुलीचे दंड बघितलेत ना तुम्ही? नका पाठवू. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्या दिवसासारखं मला अहोजाहो केलं. "तुमी भाड्यानें राहतां. वर जा." कल्याणीने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने स्वतःच बॅग उचलली. मामींनी मुरुक्कूचा डबा तिच्या हातात दिला. टॅक्सी निघाली तेव्हा त्या पदराने तोंड दाबून आत गेल्या.

पोंगलच्या आधी ती नवऱ्याच्या घरातून निघाली, मनगट मोडलेलं, प्लास्टर घातलेलं. अड्यारला आली नाही. थेट बेंगळुरूला मैत्रिणीकडे गेली, तिथेच नोकरी धरली. मला ती फोन करत राहिली, मामी अधूनमधून लोणची बांधून तिला भेटून येत. मामांशी ती बोलली नाही.

मला वाटलं होतं, हा माणूस आता त्या मागच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. कसलं काय! पुढच्या डिसेंबरातही एसी लागला, पुठ्ठे लागले, माद्या वेगळ्या झाल्या. मामा तितक्याच मायेने एकेकीला तळहातावर घेऊन काट्यावर ठेवत होते, घाबरूं नको म्हणून सांगत होते. दारातून ते ऐकलं आणि मी तिथूनच मागे फिरले. मी पुन्हा त्या खोलीत गेले नाही. मामा मात्र वाईट माणूस नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, एकदा शिव्या घालून मोकळी झाले असते. मला ताप आला की रसम घेऊन जिना चढून येणारे तेच होते.

गेल्या वर्षी माझी पुण्याला बदली झाली. सामान आवरत होते, तर मामा वर आले. पहिल्यांदाच तिचं नाव त्यांच्या तोंडून ऐकलं. "कल्याणीला एक सांगशील? तिची खोली तशीच आहे. ये म्हणून सांगत नाहीं. आली तर जा म्हणून कोणी सांगणार नाहीं. तिची मर्जी." बोलताना ते खिडकीकडे बघत होते. मी तिथेच फोन लावला, गच्चीवर गेले आणि शब्द न् शब्द सांगितला.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्का, हे वाक्य मला आवणीत पाहिजे होतं. आता माझ्याकडे माझी खोली आहे." आणि पुण्याला घर कुठे घेतलंस, ते विचारलं.

मी खाली आले. मामा फाटकापाशी उभे होते, रिक्षा आलेली होती. "काय म्हणाली?"

गोड खोटं बोलणं सोपं होतं. म्हातारा माणूस, कुणाचं काय गेलं असतं? पण ते दंड मी पाहिले होते.

"येणार नाही म्हणाली, मामा. तिच्याकडे तिची खोली आहे."

त्यांनी मान हलवली. "सरी, बरें," म्हणाले, आणि माझी जड बॅग मी नको नको म्हणत असताना उचलून रिक्षात ठेवली. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तो हात झटकून टाकायचा होता. मी वाकून नमस्कार केला.