हिरव्या डब्यातली काडतुसं

आर्मास हिल्टुनेनने तीस वर्षं काउंटीचा बर्फ लोटायचा ट्रक चालवला. ट्रकचं पातं लागून एखाद्याची रस्त्याकडेची टपालपेटी आडवी झाली, तर बाकीचे चालक मागे वळूनही पाहत नसत. आर्मास मात्र संध्याकाळी घरून खांब आणि हातोडी घेऊन परत येई आणि पेटी उभी करून देई. जमीन दगडासारखी गोठलेली असे, म्हणून खांब वाळूच्या बादलीत रोवी आणि उन्हाळा आला की पुन्हा येऊन जमिनीत पुरी. ही गोष्ट पसरली तशी ज्यांच्या पेट्या दुसऱ्याच कुणी पाडल्या होत्या, किंवा आपोआप कुजून पडल्या होत्या, तेही आर्मासचंच नाव सांगू लागले. आर्मास त्याही उभ्या करून देई. त्याची बायको आयली म्हणे, या रस्त्यावरच्या निम्म्या पेट्या तुझ्या हातच्या आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तू पाडलेल्याच नाहीत. तो म्हणे, असेल बुवा, बर्फात नीट दिसत नाही.

अशा माणसाने सत्तरीला टेकल्यावर आयुष्यात पहिल्यांदा कपट करायचं ठरवलं, आणि तेही काडतुसांच्या बाबतीत.

दर वर्षी बटाटे काढून झाले की हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आधी एका शनिवारी गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत चार दोस्तांची नेमबाजी चाले. साध्या, बारीक गोळीच्या, पॉइंट बावीसच्या रायफली, कागदी निशाण, दुर्बीण लावायची नाही, उघड्या डोळ्यांनी नेम धरायचा. बक्षीस काही नव्हतं. पण नियम होते, आणि ते चौघांतल्या हालमारने घालून दिले होते. हालमार लोखंडाच्या खाणीत मुकादम होता. खाण बंद पडून जमाना झाला तरी सगळे त्याला मुकादमच म्हणत.

मुकादमाचा पहिला नियम असा, की जो शेवटचा येईल त्याने पुढच्या वर्षी सगळ्यांसाठी काडतुसं आणायची. कुठली आणायची हे त्यानेच ठरवायचं, आणि सगळ्यांनी तीच वापरायची. म्हणजे माझी काडतुसं वाईट होती असं रडगाणं गायची कुणाची सोय राहत नसे. दुसरा नियम असा, की जो लागोपाठ तीन वर्षं शेवटचा येईल त्याने रायफल घरी ठेवायची आणि मागच्या बाकावर बसून गुण लिहायचे. बाक म्हणजे एका मोडीत काढलेल्या ट्रकचं आसन होतं. या नियमाने बाकावर बसणारा पहिला माणूस खुद्द मुकादमच ठरला. त्यानंतर नेम धरणारे तिघेच उरले, आर्मास, रूडी बोनेत्ती आणि क्लेटन ट्रेव्हॅरो. या हिशेबाने शेवटी एकटाच माणूस उरणार आणि एकट्यानेच पहिला नि शेवटचा येणार, हे क्लेटनने एकदा बोलून दाखवलं होतं. मुकादम म्हणाला होता, तेव्हाचं तेव्हा बघू.

आर्मास लागोपाठ दोन वर्षं शेवटचा आला होता.

बाकावर बसायला तसं काय जातं, कॉफी गरम मिळते, पाठीला टेकू असतो. पण मुकादमाचं काय झालं ते आर्मासने डोळ्यांनी पाहिलं होतं. आधी त्याची रायफल सुटली. मग सुनेने गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या. मग सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीच्या भट्टीसाठी, लाकडं फोडायला शेजारचा माणूस येऊ लागला. एकातून दुसरं निघालं असं कुणी सिद्ध करू शकलं नसतं, पण आर्मासच्या मनात ते तसं बसलं होतं खरं. आणि अलीकडे आयली रात्रीच्या वेळी स्वतःहून गाडीत चालकाच्या जागेवर जाऊन बसू लागली होती.

क्लेटनला हरवणं शक्य नव्हतं. तो नेम धरायचा तेव्हा झाडासारखा उभा असायचा. राहता राहिला रूडी. रूडीची गावात बेकरी होती, आणि पहाटेपासून पाव ओढून काढायची जी घाई, तीच त्याच्या बोटात होती. त्याची रायफल आपोआप भरणारी. चाप ओढला की गोळी सुटे, रिकामी पुंगळी बाहेर उडे, आणि दुसरं काडतूस आपलं आपण आत जाई. रूडी दहा गोळ्या अशा झाडी, जणू माळ पेटवली आहे. तरी दर वर्षी तो आर्मासच्या दोन-चार गुण पुढे राही. आर्मासची रायफल बापाची होती. एक काडतूस भरायचं, एक झाडायचं, खिट्टी ओढायची, पुन्हा एक भरायचं.

जुलैत एके दिवशी मासे पकडायला बसला असताना आर्मासला आठवलं, की आपोआप भरणाऱ्या रायफलीला जोरकस काडतूस लागतं. मंद काडतुसाच्या धक्क्याने तिची खिट्टी पुरती मागे जात नाही, आणि पुंगळी बाहेर पडायच्या दारातच अडकते. त्याच्या बापाच्या रायफलीला असल्या गोष्टींशी देणंघेणं नव्हतं. मासा गळाला लागला होता तोही त्याच्या लक्षात आला नाही.

मग त्याने आमिषं विकणाऱ्या दुकानातून तीन प्रकारची काडतुसं आणली आणि आठवड्यातल्या रिकाम्या दिवशी एकटाच खाणीत जाऊ लागला. एका प्रकारावरून दुसऱ्यावर गेलं, की नळीत आधीच्या गोळ्यांवरचं मेण राहतं, आणि पहिल्या काही गोळ्या भलतीकडेच जातात. त्या तो मोजत नसे. मग पाच गोळ्या मोजून मारी आणि छिद्रांवर नाणं ठेवून पाही. लाल डब्यातली गोळ्या विखरून टाकत होती. पिवळ्या डब्यातल्यांचा आवाज मोठा, काम लहान. हिरव्या डब्यातली सगळ्यांत मंद होती. त्यांचा आवाज दार हळू लोटल्यासारखा येई, आणि बापाच्या रायफलीला ती अशी मानवली, की पाचही छिद्रं नाण्याखाली झाकली गेली.

पण ती रूडीच्या रायफलीत अडकतात का, हे पाहिल्याशिवाय डाव पुरा होत नव्हता. आर्मास बेकरीत गेला आणि म्हणाला, की तळ्यावरच्या झोपडीच्या माळ्यात लाल खारींनी उच्छाद मांडलाय, माझी रायफल फार हळू, तुझी दोन दिवस देतोस का?

रूडी पिठाचे हात पुसत म्हणाला, "दोन दिवस कशाला, आठवडा ठेव. आणि थांब, तेल घालून देतो. खारी म्हणजे वाईटच, माझ्या मेहुण्याच्या झोपडीतली वायर खाल्ली होती त्यांनी. मी येऊ का तुझ्याबरोबर?"

आर्मासने घाईने नको म्हटलं. रूडीने रायफल पुसून, तेल घालून दिली, वर वेलदोड्याचा एक पावही बांधून दिला. खाणीत आर्मासने तीत हिरवी काडतुसं भरली. पहिली गोळी सुटली आणि पुंगळी दारात अडकली. दुसरीही अडकली. दहाच्या दहा अडकल्या. त्याला आनंद झाला. तो पाव त्याने घरी नेला, पण खाल्ला नाही.

दोन दिवसांनी आयलीने त्याला स्वयंपाकघरात गाठलं. रूडीचा फोन आला होता.

"किती खारी मारल्या म्हणून विचारत होता," ती म्हणाली. "मी म्हटलं, आमच्या झोपडीत खारी कुठल्या? मांजरच राहतं तिथे. मग म्हटलं, असतील बाई. काय चाललंय तुझं?"

आर्मासने सगळं सांगून टाकलं. तिने बटाटे सोलता सोलता ऐकलं.

"म्हणजे त्याची रायफल अडकवायची आणि आपण पुढे जायचं."

"नियमात बसतं. निवडायचा हक्क माझा आहे."

"बसतं ना. मग जेवत का नाहीस?" ती म्हणाली. "तुला जमायचं नाही हे, आर्मास. उभ्या आयुष्यात सवय नाही."

जमवून दाखवतो, असं तो मनाशी म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन हिरव्या डब्यांची अख्खी पेटी घेऊन आला.

शनिवार थंड आणि स्वच्छ उजाडला. मुकादमाला त्याच्या नातवाने आणून बाकावर बसवलं होतं, गुडघ्यांवर घोंगडी. आर्मासने प्रत्येकापुढे एक एक हिरवा डबा ठेवला. क्लेटनने दहा गोळ्या झाडासारखं उभं राहून मारल्या आणि म्हणाला, की गोड आहे काडतूस, आवाजही नाही. मग रूडी उभा राहिला. एक गोळी सुटली, आणि दुसऱ्या वेळी चाप ओढला तर नुसताच थंड. दारात पुंगळी तिरपी अडकली होती.

रूडीने इटालियनमध्ये काहीतरी म्हटलं. पुंगळी नखाने काढली, दुसरी मारली, तीही अडकली. त्याने मुकादमाकडे पाहिलं. माझ्या गाडीत माझी काडतुसं आहेत, तेवढी घेऊ का, असं विचारलं. मुकादम म्हणाला, नियम म्हणजे नियम, मला लावला तेव्हा तू हसला होतास. आर्मास बुटांकडे बघत उभा होता. घे तुझी, असं म्हणायला त्याचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.

मग रूडीला दुसरा मार्गच उरला नाही. प्रत्येक गोळीनंतर रायफल खाली घ्यायची, खिट्टी हाताने ओढायची, पुंगळी काढायची, पुन्हा खांद्याला लावायची. असं करताना त्याला दर वेळी श्वास घ्यावा लागला. दर वेळी नेम नव्याने धरावा लागला. ज्या माणसाने जन्मात कधी दोन गोळ्यांच्या मध्ये विचार केला नव्हता, त्याला दहा वेळा विचार करावा लागला. तिसऱ्या गोळीपासून त्याच्या शिव्या थांबल्या.

मग आर्मासची पाळी आली. त्याला ठाऊक होतं, बापाची रायफल आज रुसणार नाही. ती रुसली नाहीच. नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याला जरा धुरकट दिसत होती, पण छिद्रं मधल्या काळ्या भागात पडत गेली. कित्येक वर्षांत त्याचा हात असा चालला नव्हता.

कागद आणले गेले. क्लेटन पहिला, यात नवल नव्हतं. रूडीचा कागद पाहून मात्र क्लेटननेही शीळ घातली. रूडी आपल्याच कागदाकडे असा पाहत होता, जणू दुसऱ्याचा कागद चुकून त्याच्या हाती आला आहे. मुकादमाने आर्मासचे गुण मोजले. चांगले होते, पण रूडीपेक्षा एकच कमी. एका छिद्राचं मात्र नक्की होत नव्हतं. ते वर्तुळाच्या रेघेला टेकलेलं असलं तर वरचा गुण मिळणार, दोघांची बरोबरी होणार, आणि बरोबरी झाली तर बाक टळणार.

मुकादमाने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. "मला काही सुधरत नाही," तो म्हणाला. "आर्मास, तूच बघ. तू सांगशील ते खरं."

रूडी लगेच म्हणाला, "लागलंय रे ते. मला इथूनच दिसतंय. दे त्याला."

आर्मासने कागद उन्हात धरला. आयुष्यभराची सवय मोडून त्याने उन्हाळाभर कपट रचलं होतं, थाप मारून रायफल मागून नेली होती, पुंगळ्या अडकवल्या होत्या. आता तर कपटही करायचं नव्हतं. एक शब्द बोलायचा होता, आणि तोही समोरचा स्वतःच सुचवत होता. भिंगातून त्याला छिद्र दिसलं, रेघ दिसली, आणि दोन्हींच्या मध्ये केसाएवढा पांढरा कागद दिसला. बाकी काही धड दिसत नसताना नेमकं तेवढंच स्वच्छ दिसलं.

"लागत नाही," तो म्हणाला.

मुकादमाने गुण तसेच पाटीवर लिहिले. मग रूडीने येऊन त्याला मिठी मारली. तो म्हणाला, की आज पहिल्यांदा कळलं नेम म्हणजे काय असतो, हे काडतूस तुला सुचलं कसं, यापुढे दर वर्षी तूच निवड. आर्मासला आता राहवेना.

"तुझी रायफल अडकावी म्हणूनच निवडलं होतं," तो म्हणाला. "माळ्यात खारी नव्हत्या. तुझी रायफल नेली ती अडकते का ते पाहायला."

रूडी आणि क्लेटन त्याच्याकडे पाहत राहिले. मग क्लेटन हसायला लागला, आणि रूडीला तर हसता हसता रायफल खाली ठेवावी लागली.

"तू?" रूडी डोळे पुसत म्हणाला. "आर्मास हिल्टुनेन? अरे, उगाच मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतोस का? माझ्या बापाची टपालपेटी माझ्याच गाडीने पाडली होती, ती तू उभी करून दिलीस. तू कपट करणार?"

आर्मासने पुन्हा सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितके ते हसत होते. शेवटी रूडी मांस-बटाटा भरलेल्या पेस्ट्या गरम करायला शेगडीकडे गेला, आणि क्लेटन कागद उतरवायला. आर्मास बाकावर मुकादमाशेजारी जाऊन बसला. मुकादमाने घोंगडीचं एक टोक त्याच्या गुडघ्यांवर टाकलं आणि गुणांची पाटी त्याच्या हातात दिली.

"मला पटलं," मुकादम हळूच म्हणाला. "मी माझ्या शेवटच्या वर्षी काडतुसं महिनाभर तळघरात ओलीत ठेवली होती. माझी तेवढी कोरडी, वेगळ्या खिशात."

आर्मासने त्याच्याकडे पाहिलं. "मग?"

"तुमची सगळी उडाली," मुकादम म्हणाला. "माझीच दोन फुसकी निघाली. कॉफी ओत."