खबर कुठल्या भरतीची

वायरलेसवरून, दर्यातल्या बोटीवरचा माझा मुलगा विचारत होता, “आये, फुडे जाव काय परत येव?” वारा एवढा, की निम्मे शब्द ऐकू येत नव्हते. आचऱ्याच्या मच्छीमार सोसायटीत आम्ही दोघंच, मी आणि कारकून भिकू. भिकूने कॉम्प्युटरकडे पाहिलं. “दर्या शांत, असा लिवलेला आसा. जाऊंदेत,” म्हणाला आणि त्याने माईक उचलला. मी त्याचं मनगट धरलं.

“खंयच्या भरतीचा ता आदी वाच.”

कॉम्प्युटरवरची ही सोय वासंतीची. ती मालवणात कॉम्प्युटर शिकवायची. हवामानाचे इशारे इंग्रजीत यायचे, ते मराठीत करून एका वेबसाइटवर घालायची. वेबसाइट झाली तेव्हा ती आचऱ्याला आली आणि तिने मलाच खुर्चीत बसवलं. मी चौथी शिकलेली, मासे विकणारी. स्वतः शेजारी बसली ती दोन्ही हात मांडीखाली दाबून. मी भलत्याच जागी माऊस दाबत होते, हलणाऱ्या चित्रांमध्ये बारीक अक्षरं शोधत होते. ही नुसती बघत होती.

“हात मोडले काय गो तुझे?”

“हात मोकळे रवले तर मीच दाखवीन. तू खंय अडतंस ता माका बघूचा आसा.”

मी चिडून उठले. ती म्हणाली, “काकी, तू चुकाक नाय. माझा पान चुकला.” हे ती सगळ्यांना म्हणायची, पिऊन आलेल्या, बोट हाकणाऱ्या तांडेलालासुद्धा. मला ते नुसतं गोड बोलणं वाटलं. पण पुढच्या खेपेला हलणारी चित्रं गेली होती आणि अक्षरं बोटाएवढी झाली होती.

तरी मी विचारलं, “ही खबर खंयच्या भरतीची?” पानावर नुसती तारीख होती. तारीख बघून बोटी जात नाहीत, भरती-ओहोटी बघून जातात. वासंतीने मांडीखालचा हात काढून तेवढं वहीत लिहून घेतलं.

भिकूने आता वाचलं, “सकाळच्या ओहोटीक लिवला.” बाहेर खाडी भरत आली होती. म्हणजे खबर शिळी. वासंतीला फोन करावा, तर इंटरनेट टेलिफोनच्याच तारेवर. एक चालू तर दुसरं बंद. मी ‘नवीन खबर’ हे मोठं बटण दाबलं. पान पांढरं झालं. मुलगा पुन्हा विचारत होता.

“काकी, सांग कायतरी,” भिकू म्हणाला.

मी पानावरून नजर काढली नाही. मग एकेक ओळ उतरली. वादळ येत आहे. आहात तिथून परत फिरा. भरती सुरू झाल्यावर लिहिले.

मी ते माईकवर तीनदा वाचलं.

जाळी दर्यातच टाकून देऊन मुलगा आणि बोटीवरचे सगळे संध्याकाळी खाडीत शिरले. वासंतीला सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “पान उघडाक किती वेळ लागलो?” पानाच्या माथ्यावर बोटीचं एक चित्र उरलं होतं, पान लवकर उघडावं म्हणून तेही तिने काढून टाकलं.

दोन वर्षांनी ती काविळीने गेली. त्या दिवशी बोटीवर सातजण होते. सातही आहेत.