थेंब पसरेपर्यंत

कुसुमताई पहिल्यांदा माझ्या घरी आल्या, त्या माझ्या गाडीच्या दाराचं आतलं प्लास्टिक काढून न्यायला. अंगावर सुती साडी, वरून यजमानांचा जुना शर्ट आणि हातात अवजारांची पिशवी. महिन्यापूर्वी त्यांनीच ती दारं आतून रंगवली होती. उन्हात उभी राहून राहून ड्रायव्हरच्या बाजूचा रंग, खिडकीत कोपर टेकतं तिथे, सुटायला लागला होता. मी काही बोललो नव्हतो. तक्रार करणं मला जमत नाही.

“काल द्वारकेच्या सिग्नलला तुमची काच खाली होती, सर. मी रिक्षातनं पाह्यलं,” त्या म्हणाल्या. “ते दार असं गावभर फिरायला नको.”

झिजलेले डॅशबोर्ड, दारं, गिअरभोवतीच्या पट्ट्या सांधून, घासून पुन्हा रंगवायच्या, हा त्यांच्या यजमानांचा धंदा. द्वारका चौकाजवळच्या एका गल्लीत त्यांचं दुकान होतं. यजमान अचानक गेले. गाळा दिरांच्या नावावर होता आणि त्यांनी वहिनींना अट घातली होती. एक जरी काम परत आलं, तर शटर ओढायचं आणि गाळा भाड्याने द्यायचा. बाईच्या हातचं काम गिऱ्हाईक घेत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. माझं दार हे बिघडलेलं पहिलं काम. ताईंनी ते माझ्याच अंगणात गुपचूप नीट केलं असतं, तर दिरांना पत्ताही लागला नसता.

त्या ते उघड्यावर, रिक्षाच्या सीटवर ठेवून दुकानात घेऊन गेल्या. मीही मागोमाग गेलो.

नखाने त्यांनी कड उचलली आणि करड्या रंगाचा वीतभर पापुद्रा सापाच्या कातीसारखा अखंड निघून आला. तो त्यांनी जपून बाजूला ठेवला. मग प्लास्टिक साबणाने धुतलं, पुसलं आणि बोटाने पाण्याचा एक थेंब वर सोडला. अळूच्या पानावर राहावा तसा तो गोल उभा राहिला.

“पाणी उभं हाय अजून. म्हणजे तेलकट हाय. रंग कशाला धरणार?”

गाडी चकचकीत दिसावी म्हणून मी दर महिन्याला आतून पॉलिश मारून घेत असे. ते प्लास्टिकमध्ये मुरलं होतं. पुन्हा धुणं, पुन्हा थेंब. चौथ्या खेपेला थेंब सपाट पसरला, तेव्हा कुठे त्यांनी काचपेपर हातात घेतला. मला आठवलं, पहिल्या वेळी धुणं एकदाच झालं होतं. मला व्याख्यानाला जायचं होतं आणि मी त्यांच्यासमोर उभा राहून सारखा घड्याळ बघत होतो. चूक माझी आहे, असं मी म्हणालो.

“घड्याळ तुमचं होतं सर. हात माझा होता.”

दुपारी दीर आले तेव्हा तो पापुद्रा भिंतीवर होता. ताईंनी तो पुठ्ठ्यावर चिकटवून, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल अशा जागी ठोकला होता. हे काय, असं दिरांनी विचारलं. ताईंनी सगळं सांगितलं, काही न झाकता. दीर चिडले. निदान ते काढा तरी, धंद्याच्या जागेत अब्रू टांगतं का कोणी, असं म्हणाले. ताई सीटखालची पट्टी उजेडात धरून रंग जुळवत होत्या. तिथे ऊन पोचत नाही, म्हणून मूळ रंग तिथेच सापडतो. पट्टी खाली न ठेवता त्या बोलल्या.

“भाऊजी, शटर ओढायचं तर ओढा. पण काम परत आलं नाय. मी परत आणलंय.”

दीर पुठ्ठ्याकडे एकदा बघून निघून गेले. शटर त्यांनी ओढलं नाही.

त्यानंतर अकरा वर्षं दुकान चाललं. घाईचं गिऱ्हाईक आलं की ताई त्याला भिंतीकडे बोट दाखवून विचारत, “तुम्हाला असं हवंय का?” एकदा एका पांढऱ्याशुभ्र, मोठ्या गाडीवाल्याने मुहूर्त गाठायचाय, नुसता वरून हात फिरवा, असा हट्ट धरला. ताईंनी त्याची किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. आपले वडील येवल्यात रेशीम रंगवायचे, त्यांनीही कधी न धुतलेल्या धाग्याला रंग दाखवला नाही, एवढंच त्याला सांगितलं आणि पुढच्या डॅशबोर्डकडे वळल्या.

यंदा चैत्रात त्या गेल्या. आदल्या आठवड्यापर्यंत काम करत होत्या. दहाव्यानंतर मी दुकानात गेलो तेव्हा दीर एकटेच बसले होते. त्यांना हे काम येत नाही. “आता ओढावं लागणार शटर,” ते म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. तुमच्याच गाडीचा आहे, न्या, असं म्हणून ते भिंतीवरचा पुठ्ठा काढायला उठले. मी त्यांना थांबवलं. शटर ओढेपर्यंत तो तिथेच राहू द्या, म्हणालो. इतक्या मोठ्या आवाजात मी सहसा बोलत नाही.

ताईंनी पुन्हा रंगवलेलं ते दार अजून तसंच आहे. डाव्या दाराचा रंग मात्र आता विटलाय. ते ताई यंदा पावसाळ्यानंतर रंगवायला घेणार होत्या. सर्व्हिसिंगवाला मुलगा दर वेळी म्हणतो, काका, पॉलिश मारतो, नव्यासारखं दिसेल. मी नाही म्हणतो. त्याला ते चमत्कारिक वाटतं. रविवारी सकाळी मी ते डावं दार साबणाने धुतो, पुसतो आणि बोटाने एक थेंब सोडतो. थेंब पसरतो. रंगवणारं कोणी नाही, हे मला ठाऊक आहे. पॉलिश मी लावू देणार नाही.