पाठीचं दुखणं नव्हतं ते

दोघे भाऊ सुतार. एकाच शेडमध्ये चाळीस वर्षं. थोरला दारं-खिडक्या करायचा, धाकटा कपाटं. थोरला मोजून बोलणारा. धाकट्याच्या तोंडाला खीळ नव्हती. "तुझ्या जिभेला रंध्याचं पातं लावलं तर दिवसाला दहा फळ्या जास्त तासून होतील," थोरला म्हणायचा. धाकट्यानं लग्न केलं नव्हतं, जेवायला वहिनीकडेच. दोघा भावांत सारखं काय, तर नाक आणि सिगारेट.

त्या वर्षी थोरल्याची पाठ धरली. सुताराची पाठ दुखणारच, त्यात काय! दुपारी तो फळ्यांवर पालथा पडायचा आणि धाकटा तेल लावून चोळून द्यायचा. तीन आठवडे असेच गेले. मग एका मंगळवारी चौकट उभी करता करता थोरला मटकन खाली बसला. पोट दाबून धरलेलं, अंग घामानं निथळतंय. दवाखान्याच्या दारातच तो गेला.

"पोटातून जाणारी मोठी रक्तवाहिनी फुगत गेली होती, ती फुटली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सख्ख्या भावंडांत हे असू शकतं. तुम्हीही सोनोग्राफी करून घ्या."

धाकट्यानं दोन महिने आज-उद्या केलं. शेवटी वहिनीच त्याला पुढे घालून घेऊन गेली.

पोटावर गार जेल लावून बाईंनी यंत्र फिरवलं. "दोन पूर्णांक सात दशांश सेंटिमीटर. ही रक्तवाहिनी साधारण दोन असते, तुमची जराशी रुंद झालीय. तीनच्या पुढे गेली तर आम्ही नियमित लक्ष ठेवतो. साडेपाचच्या आसपास ऑपरेशनचा विचार. तुम्ही त्यापासून पुष्कळ लांब आहात. सिगारेट बंद, बीपी थोडं जास्त आहे त्याची गोळी रोज, आणि काम चालू ठेवा."

"पुढच्या महिन्यात येऊ?"

"पाच वर्षांनी या. मधे पोटात किंवा पाठीत एकदम जोरात दुखलं, तर मात्र लगेच."

त्यानं पोटावरचं जेल पुसलं. मग म्हणाला, "दादाची केवढी झाली असेल?"

"कुणी मोजलीच नाही ना."

"मी त्याची पाठ चोळत होतो, बाई. चांगला जोर लावून."

"चोळल्यानं नाही फुटली ती. खरंच सांगते."

त्यानं मान हलवली. पण पटलं नव्हतं.

सिगारेट त्याच दिवशी सुटली. कामही सुटलं. फळी उचलायला हात पुढे जाईना. पोटावर तळवा ठेवून दिवसभर बसून राहायचा.

"भाऊजी, काम करा म्हणाल्यात ना बाई?"

"भीती वाटते, वहिनी."

"मला नाही वाटत होय? पण घरात बसून ती जायची नाही."

दुसऱ्या दिवशी त्यानं शेड उघडली. आधी हलकी कामं घेतली. तिसऱ्या आठवड्यात त्यानं दूरच्या गावच्या बहिणीला फोन केला. भांडणामुळे सहा वर्षं बोलणं नव्हतं. कशीबशी समजूत घालून तिला सोनोग्राफीला तयार केलं.

आठ दिवसांनी तिचा फोन आला. सगळं नीट होतं. तो सांगायला वहिनीकडे गेला, पण उंबऱ्यातच बसला आणि रडू लागला.

"मी तपासून घेतलं. ताईनंही घेतलं. दादालाच तेवढं कुणी म्हणालं नाही, एकदा दाखवून ये म्हणून."

वहिनी त्याच्या शेजारी बसली. तिचंही नवऱ्याला तेच म्हणायचं राहून गेलं होतं.