हत्तीच्या चित्राची डावी कड

राघवेंद्र सर लातूरच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवत. लातुरात तेव्हा जो तो पोराला डॉक्टर करायला निघालेला. चित्रकलेच्या सरांना कोण विचारतो! पण सर हट्टाचे. त्र्याण्णवच्या भूकंपाआधी औसा-निलंग्याकडची गावं स्कूटरवर पालथी घालून त्यांनी घरांच्या भिंतींवरच्या चित्रांच्या स्लाइड काढल्या होत्या. भूकंपात भिंती गेल्या, भिंतींखाली माणसं गेली. चित्रं उरली ती सरांच्या डब्यांत.

दरवर्षी भूकंपाच्या दिवशी त्यातल्याच एका गावची पारूबाई सरांच्या कॉलेजातल्या खोलीत यायची. तिच्या दाराशेजारी हत्ती रंगवलेला होता. त्याच घरात तिची लेक गोदी गेली. सर हत्तीची स्लाइड पडद्यावर लावायचे. डाव्या कडेला मोजपट्टी धरलेला एक हात दिसे, तिकडं सरांचं लक्षही नसे. पारूबाई पदर तोंडाला लावून बघत बसायची आणि चहासुद्धा न घेता उठायची. "शेतातल्या बाईला कला कळते, तुम्हाला नाही," असं सर पोरांना ऐकवत. बाईला मात्र त्यांनी कधी काही विचारलं नाही.

मग कॉलेजनं त्यांची खोली डॉक्टरकीच्या परीक्षेला पुन्हा बसणाऱ्या रिपीटर पोरांच्या बॅचला देऊन टाकली. डबे हलवा म्हणाले. नेमकं तेव्हाच एका विद्यापीठानं अशा चित्रांचा संग्रह संगणकावर करायला घेतला होता, कुठल्याही शिक्षकाला, संशोधकाला घरबसल्या बघता यावा म्हणून. सरांना आभाळ ठेंगणं झालं. तहानभूक विसरून त्यांनी स्लाइड स्कॅन केल्या. खुंट्या, सावल्या, मोजपट्टी, असला फालतू पसारा कापून प्रत्येक चित्र कसं चोख केलं. बुरशी धरलेल्या स्लाइड मग सांभाळायच्या कशाला? दिल्या घंटागाडीत.

त्या वर्षी पारूबाई त्यांच्या घरी आली. सरांनी तिला संगणकासमोर बसवलं. हत्ती झळकला, पाठीवरच्या झुलीचा निळा रंगसुद्धा ताजा.

"बघा पारूबाई! आता जगात कुठूनही दिसतो तुमचा हत्ती."

"चांगला हाय," ती पुढं वाकून म्हणाली. "जरा डावीकडं सारा की, सर."

"का?"

"तिकडं माझी गोदी हाय न्हवं. पट्टी धरून."

सरांना आता आठवलं. चित्राचं माप कळावं म्हणून त्यांनीच त्या पोरीला भिंतीशी उभं केलं होतं. वर दटावलंही होतं, "मागं हो, नुसता हात दिसू दे." हिरव्या बांगड्या होत्या त्या हातात. पोरीचा दुसरा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. सरांना आपल्या नीटनेटकेपणाची शिसारी आली.

त्यांनी माउस डावीकडं ओढला. पुन्हा ओढला. हत्तीची सोंड संपत होती तिथंच चित्र संपत होतं.

"सरकना व्हय?" पारूबाई म्हणाली. "असू द्या, सावकाश करा. मला काय घाई न्हाई."

आणि पदर तोंडाला लावून ती वाट बघत बसली.