शिक्क्याची गादी

शेवटची भेट नागपूरच्या दवाखान्यात झाली. सुमनवहिनी डोळे मिटून पडल्या होत्या, पण हात चादरीखाली गादी चाचपत होता. "काय पाहून राहिल्या वहिनी?" मी विचारलं. "रुई नाही जी भाऊजी याच्यात," त्या म्हणाल्या... दोन दिवसांनी पांढुर्ण्याला माझ्या घरी पुतण्याचा फोन आला, वहिनी गेल्या.

माझा थोरला भाऊ गेल्यावर वहिनींनी सौसरला घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये रुईच्या, म्हणजे पिंजलेल्या कापसाच्या, गाद्या भरण्याचा लहानसा कारखाना काढला. सहा बाया आणि एक पिंजणयंत्र, एवढाच पसारा. मुलींच्या सरकारी वसतिगृहाच्या गाद्यांचं टेंडर निघालं. ते बायकांच्या लहान कारखान्यांसाठी राखीव होतं, मोठ्यांना त्यात शिरकावच नव्हता. नमुन्याची गादी देण्याआधी वहिनी स्वतः महिनाभर तिच्यावर झोपल्या. वसतिगृहाच्या खात्यातल्या साहेबांनी तशा दोन नमुन्यांवर लाखेचा शिक्का मारला, पुढचा माल ताडून पाहायला एक ठेवून घेतला, एक परत दिला. काम मिळालं आणि नेमकी यंत्राची मोटार जळाली. मुदत टळली तर पुन्हा काम मिळणार नाही, या धास्तीनं मी नको तो शहाणपणा केला. मास्तर माणूस, त्यात दीर! वहिनींना न विचारता एका मोठ्या व्यापाऱ्याशी बोलून आलो. नाव वहिनींचं, गाद्या त्याच्या. सगळे असंच करतात, असं तो म्हणाला आणि मला ते पटलंही.

ट्रक दारात आला तेव्हा वहिनी रागावल्या नाहीत. एक गादी उतरवून अंगणात टाकायला लावली. "झोपा भाऊजी." भर दुपारी, सहा बायांसमोर, मी झोपलो. पाठीला चिंध्यांच्या गाठी टोचल्या. "लोधीखेड्याची पोरगी होस्टेलात वर्षभर याच्यावर निजणार हाय," त्या म्हणाल्या. "सरकारनं काम आपल्याले देल्लं, आपल्या नावाले नाही." लाजेनं माझी मान वर होईना. ट्रक परत गेला. वहिनी साहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगून आल्या, आठ दिवस मागितले, तीन मिळाले. बायांनी काठ्यांनी रुई झोडपून गाद्या भरल्या. शेवटच्या बारा उशिराच पोचल्या, त्याबद्दल कडक पत्रही आलं. पण एकही गादी परत आली नाही, आणि पुढच्या वर्षीचं काम वहिनींनाच मिळालं. इतकी सरळ बाई मी दुसरी पाहिली नाही.

तेराव्याला शय्यादानासाठी पुतण्यानं घाईघाईत बाजारातून तयार गादी आणली. पाहुणे जमले होते, भटजी खोळंबले होते. मी गुपचूप तिच्यावर आडवा झालो. "काय करून राहिले काका?" पुतण्या म्हणाला. मी उठलो. "वापस कर," म्हटलं. बाया उठून शेडमध्ये नवी गादी भरायला गेल्या.

वहिनींच्या खोलीत ती शिक्क्याची गादी अजून आहे. ती देऊन टाकू, असं कुणी म्हटलं नाही. नवी गादी भरून झाल्यावर बायांनी ती शिक्क्याच्या गादीशेजारी ठेवली, दोन्हींवरून हात फिरवला, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "झोपा, मास्तर."